चोच कुणीकडे

माईचा संशय हा त्या घरातला सगळ्यात जुना माणूस. सासू गेली, नवरा गेला, दोन मांजरं गेली, पण संशय आपला ठणठणीत. त्याच्याच जिवावर तिनं नवऱ्यामागं कोल्ड स्टोरेज चालवलं. "विश्वासावर देव चालतो, धंदा कुलपावर चालतो," असं ती म्हणे, आणि कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघे. तिसऱ्यांदा ओढताना आजूबाजूला कोण उभं आहे तेही बघे.

कोल्ड स्टोरेज म्हणजे दोन मोठ्या खोल्या. भिंती गादीसारख्या जाड, दारं त्याहून जाड, दारांच्या कडेला रबर. पहिल्या खोलीत वाटाणेवाल्या शेठचा माल, छतापर्यंत रचलेली पोती. दुसरी खोली दुरुस्तीसाठी रिकामी ठेवलेली. बाहेर बोळ, बोळाच्या टोकाला काचेचं ऑफिस, आणि त्या काचेआड माई. काच यासाठी की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं माई हिशेब बघते आहे.

या जागेची एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला चट्कन कळत नसे. खोलीत थंडी असायची शून्याच्या बरीच खाली, पण 'उणे' किंवा 'मायनस' हा शब्द तिथं कुणाच्या तोंडी नव्हता. माईच्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी तबकडीवर स्वतःच्या हातानं आकडे रंगवले, त्यांच्याआधी उणे काढायला तो विसरला किंवा त्याला कंटाळा आला, आणि तेव्हापासून तिथली थंडी सरळ आकड्यात मोजली जायची. आकडा चढला म्हणजे थंडी चढली. अठरा हवाच. वीस म्हणजे चैन. सतरा म्हणजे कपाळाला आठी, सोळा म्हणजे धावाधाव. वर्षाचे बारा महिने स्वेटर घालणारा फोरमन, ज्याला सगळे गारठ्या म्हणत, सकाळी काचेतून डोकं घालून ओरडे, "माई, आज एकोणीस! राज्य आहे आपलं!"

गारठ्याचे डोळे अधू झाले म्हणून पेट्या आल्या. दोन्ही खोल्यांच्या दाराशी एकेक. पेटीच्या तोंडावर आकडा उजळायचा, आणि ठरवून दिलेल्या वेळी घंटा वाजायची. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसे. गारठ्यानं ती फडक्यानं पुसून बघितली, मग नखानं खरवडून बघितली, मग सोडून दिली.

पेट्या बसवणारा घाईत होता. "कधी वाजवायचं ते सांगा," तो म्हणाला.

"अठराच्या आत आलं की वाजव," गारठ्या म्हणाला.

"तसं नाही मामा. पेटी मोजते खरं तापमान, मायनससकट. त्याला म्हणायचं टी. टीच्या पुढे चिन्ह घालायचं, लहान की मोठं, आणि मग आकडा. ही दोन बटणं बघा, ही इकडे तोंड केलेली, ही तिकडे. तुमची भाषा तुम्ही ठरवा, माझं काम तारा जोडायचं. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

थोरला मुलगा डोकं खाजवायला लागला. तो मालाची चढउतार डोळे मिटून करेल, पण अक्षर दिसलं की त्याला झोप येते. तेवढ्यात धाकटी पुढे झाली.

धाकटी म्हणजे धाकट्या मुलाची बायको. तो बारा महिने ट्रकवर, ही घरात. लग्नाआधी शाळा अर्धवट सुटली होती, आता राहिलेली परीक्षा द्यायची म्हणून दुपारी एका बाईंकडे शिकवणीला जायची. माईनं परवानगी दिली होती, पण मनापासून नाही. शिकलेली सून म्हणजे घरात दुसरी किल्ली, असं तिचं मत. त्यात धाकटीचा भाऊ पुलापलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. पुलापलीकडचे आणि हे, यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हे सगळं माई एका दोरीत ओवून ठेवायची. लागेल तेव्हा ओढता येते.

"मी करते," धाकटी म्हणाली. "आम्हाला आत्ता हेच चाललंय. असमता, लहानमोठ्याचं गणित." तिनं वाटाण्याच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि खडूनं लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं सांगत होती, सगळ्यांना कळावं म्हणून किंवा सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "आपला आकडा म्हणजे टीच्या उलट. म्हणजे मायनस टी. तो अठरापेक्षा लहान झाला की वाजायचं. मायनस टी, हे लहानचं चिन्ह, अठरा. आता टी एकटा पाहिजे. दोन्ही बाजूंना मायनस एकनं भागायचं. इकडे टी, तिकडे मायनस अठरा. टी लहान मायनस अठरा. झालं!"

"ही चोच कसली मध्ये?" माईनं विचारलं.

"चोचच ती आई. उघडं तोंड मोठ्याकडे, टोक लहानाकडे."

"माणसांसारखंच की," माई म्हणाली. "मोठ्यापुढे तोंड वासायचं आणि लहानाला टोचायचं."

सगळे हसले. पेटीवाल्यानं बटण दाबलं, आकडा घातला आणि तो गेला. दुसऱ्या खोलीत माल नव्हता, तिची पेटी तशीच राहिली.

घंटा दुसऱ्याच दुपारी वाजली. गारठ्या चहा टाकून धावला. आकडा वीस. दारं बंद, मशीन सुरळीत, थंडी अशी की दात वाजावेत. घंटा मात्र गळा काढून बोंबलते आहे. सकाळभर दारं उघडझाप होत, आकडा अठरावर टेकलेला असे, तेव्हा ती मुकी. दुपारी दारं लागली, माणसं घटकाभर टेकली आणि थंडी चढली, की हिचं सुरू. रोज.

"सुतकात गाते, लग्नात रडते," गारठ्या म्हणाला. "तोंडात बोळा घालू का?"

"खबरदार," माई म्हणाली. "घंटेच्या तोंडात बोळा म्हणजे चोराच्या हातात दिवा."

तिनं धाकटीला बोलावलं. धाकटी आली, झाकणावरचं गणित तिनं पुन्हा मांडलं आणि तिथल्या तिथं सोडवलं. तेच उत्तर आलं. "माझं बरोबर आहे आई. पेटीच खुळी आहे. तारा उलट्या जोडल्या असतील."

पेटीवाल्याला परत बोलावलं. त्यानं पेटी उघडली, तारा बघितल्या, मिटली. "तारांत काही नाही. ही पेटी म्हणजे हुकमाची ताबेदार, सांगाल तेच करणार. हुकूम कुणाचा होता?" एवढं म्हणून त्यानं हात पुसले आणि परत घाईत गेला.

हुकूम कुणाचा होता! माईच्या मनात तो प्रश्न घोंगावायला लागला. एवढं लिहिणारी, वाचणारी, बाईंकडे जाणारी मुलगी. पेटी ऐकते, तारा धड आहेत, आणि घंटा वाजते ती बरोबर नको तेव्हा. चुकून वाजली असती तर कधी इकडे वाजली असती, कधी तिकडे. ही नेमकी उलटी. नेमकेपणा आला की माईला तिथं माणसाचा हात दिसायचा. वाटाणेवाले शेठ दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा घंटा कानावर, दोन्ही वेळा ते म्हणाले, "माई, इथं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. पुलापलीकडे बरं शांत असतं." शेठचा माल गेला तर पहिली खोली रिकामी. दुसरी रिकामी होतीच. आणि दोन्ही खोल्या रिकाम्या म्हणजे हे कोल्ड स्टोरेज नव्हे, गारठ्याचं झोपायचं घर.

मग एका सकाळी तिनं काचेतून बघितलं, फाटकाशी धाकटी आणि तिचा भाऊ. खालच्या आवाजात बोलत होते. भाऊ हात हलवून काही पटवत होता, धाकटी मान हलवून नको म्हणत होती. माई बोळात आली. चपलेचा आवाज झाला तसे दोघं गप्प. भाऊ म्हणाला, "बरं येतो," आणि गेला.

"काय म्हणत होता?" माई.

"काही नाही आई. सहज."

"सहज माणूस पूल ओलांडून येत नाही. पुलाला चढ आहे."

धाकटी लाल झाली. माईनं दोरीत अजून एक मणी ओवला.

दोन दिवसांनी जेवताना धाकटीनं भीत भीत विषय काढला. तिचे वडील आइस्क्रीम बनवत. हंगामाचा सगळा माल ते पुलापलीकडे ठेवत, मुलगा तिथं कामाला म्हणून. "पण तिथं थंडी राहत नाही. दादाच सांगत होता. मागच्या वेळी डबे मऊ झाले. तो म्हणाला, तुझ्या घरची दुसरी खोली मोकळी आहे, विचार. मी नको म्हटलं. माहेरचं ओझं सासरी कशाला? पण बाबांचा सगळा जीव त्या मालात आहे. यंदा बिघडला तर त्यांना कारखाना बंदच करावा लागेल."

थोरल्यानं लगेच होकार दिला. खोली रिकामी ठेवण्यापेक्षा व्याह्यांचा माल काय वाईट? माईनं होकार दिला, पण घास चावता चावता सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. खरं बोलते आहे की खोटं इतकं छान शिकली आहे? बाईंकडे तेही शिकवत असतील.

दुसऱ्या खोलीची दुरुस्ती उरकून ती गार करून ठेवली, आणि माल यायचा होता त्याच दिवशी सकाळी ते घडलं.

शेठचा ट्रक लागला होता. पोती निघत होती. दाराचं रबर एका कोपऱ्यात निसटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ट्रक गेला, दार ओढलं, पण ते नीट बसलं नाही, आणि गार हवा त्या फटीतून चोरासारखी बाहेर. माई बोळातून चालली होती, तिची चप्पल घसरली. खाली बघते तर उंबऱ्याशी ओल. आकड्याकडे बघितलं. चौदा.

चौदा! आणि घंटा गप्प. जी रोज वीसवर छाती पिटायची ती चौदावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली.

"गारठ्या!" माईच्या त्या एका हाकेनं अर्धा बोळ जागा झाला. गारठ्यानं रबर ठोकून बसवलं, थोरल्यानं मशीन वाढवलं. माई स्वतः आत गेली. तिनं दाराजवळचं पोतं धरून हलवलं. वाटाणे आत दगडासारखे खडखडले. दुसरं हलवलं, खडखडलं. वाटाणा खडखडतो तोवर जिवंत, भद् आवाज आला की मेला, हे तिला तबकडीइतकंच पाठ होतं. माल वाचला होता. अजून घटकाभर उशीर झाला असता तर नसता.

बाहेर येऊन तिनं थोरल्याला बाजूला घेतलं. "धाकटीच्या बापाला फोन लाव. म्हणावं माल राहू द्या, लेकीला न्यायला या."

"आई!"

"काय आई? चांगल्याला वाजते, वाईटाला गप्प बसते, आणि हुकूम तिचा. रोज उगाच वाजवून आपले कान बहिरे करायचे, आणि खरी वेळ आली की गप्प. घरचा भेदी अजून वेगळा कसा दिसतो? शिंगं असतात?"

"पण पुरावा?"

"आणते पुरावा. तू फोन लाव."

थोरल्यानं फोन लावला. व्याही माल भरलेली गाडी घेऊन वाटेतच होते. काय बोलावं ते थोरल्याला सुचलं नाही. तो म्हणाला, "आई म्हणते लेकीला न्या," आणि पलीकडून काही उत्तर यायच्या आत त्यानं फोन ठेवला.

माईचा संशय असा कसलेला की कधीमधी तो स्वतःवरही उलटायचा. आरोप करायचा तर असा की समोरच्याला हलायला जागा उरू नये. तिला लिहितावाचता जेमतेम यायचं, गणित तर बोटांवरचं. पण चोच कुणीकडे आहे एवढं कुणालाही दिसतं. पहिल्या पेटीवरची चोच तिनं डोळ्यांत भरून घेतली. टोक टीकडे, उघडं तोंड आकड्याकडे. आता दुसऱ्या पेटीची चोच हिच्याच हातून घालायला लावायची. त्या खोलीत हिच्या बापाचा माल येणार, असं हिला अजून वाटतंय. बापासाठी ही खरी चोच घालणार. बापाच्या पोटावर पाय देणारी लेक अजून जन्माला यायची आहे. दोन चोची दोन दिशांना झाल्या की झालं. मग बापासमोर दोन्ही पेट्या दाखवायच्या आणि म्हणायचं, बघा, हिला खरं काय ते येत होतं.

धाकटी आत कपडे वाळत घालत होती. तिला सकाळच्या गडबडीतलं एवढंच कळलं होतं की रबर निघालं आणि बसवलं. घंटेचं माई थोरल्याखेरीज कुणाला बोलली नव्हती.

"चल," माई गोड आवाजात म्हणाली. तिचा गोड आवाज ऐकून एरवी मांजरंसुद्धा पळायची. "तुझे बाबा येतील. त्यांच्या खोलीची पेटी लावून दे."

"मी येणारच होते आई! तुमच्या त्या खुळ्या पेटीवर माझा भरवसा नाही, पण ही दुसरी धड असेल." ती हात पुसत आली, खोक्याचं झाकण घेतलं, खडू घेतला. "बाबांना बावीस लागतं. आइस्क्रीमला अठरा चालत नाही, त्यात बर्फाचे खडे होतात. बावीसच्या आत आलं की वाजलं पाहिजे."

"सावकाश कर. बापाचा माल आहे."

"हो ना." आणि ती खरोखर सावकाश करायला लागली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. मायनस टी लहान बावीस. दोन्ही बाजूंना मायनस एकनं भागलं. थांबली. माई पुढे झुकली. धाकटीनं एकदा पुसलं, आकडा ठळक काढला, आणि लिहिलं: टी लहान मायनस बावीस. मग बटण दाबलं.

माईनं चोच बघितली. टोक टीकडे, तोंड आकड्याकडे. ती पहिल्या खोलीशी चालत गेली, तिथली चोच बघितली. परत आली. अगदी जुळ्या बहिणी.

खरं सांगायचं तर माईचा हिरमोड झाला. पकडायला निघावं आणि चोराच्या जागी आपल्याच घरचं वासरू उभं असावं, तसं. पण इतक्या सहज सोडेल ती माई कसली? एवढी कावेबाज असेल की डाव ओळखून तशीच चोच घातली? बापाचा माल पणाला लावून? माईनं सुनेच्या तोंडाकडे बघितलं. तिथं खडूचा पांढरा डाग होता आणि शाबासकीची वाट होती. असलं तोंड करून इतका मोठा डाव खेळणारी बाई माईनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तिनं बऱ्याच पाहिल्या होत्या. आरशातली धरून.

"एक सांग," माई म्हणाली. "समज, दार उघडं राहिलं. तुझ्या बाबांचे डबे पाझरायला लागले. आकडा आला दहावर. वाजेल?"

"वाजेल की."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? गणितावरून."

"मला गणितातलं कळत नाही. तू तिथं टीच्या जागी दहा घालून दाखव. मायनस का फायनस लावून."

धाकटी हसली. खडू घेतला. "टीच्या जागी मायनस दहा. मायनस दहा लहान मायनस बावीस..." आणि तिथं तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"मायनस दहा... मायनस बावीसपेक्षा... लहान नाही." ती हळू म्हणाली. "मोठं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही वाजणार."

"डबे पाझरले तरी?"

"तरी."

"आणि पंचवीस असलं, सगळं दगडासारखं गोठलेलं असलं, तर?"

धाकटीनं लिहिलं. तिचा खडू तुटला. "वाजेल," ती म्हणाली आणि खोक्यावर बसली.

मग ती एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "तोंड फिरवायचं! मायनसनं भागलं की चिन्हाचं तोंड फिरवायचं! बाई रोज सांगतात. रोज! मी आकड्याचा मायनस केला आणि चोच तशीच ठेवली."

"का फिरवायचं?" माईनं विचारलं. आवाजातला गोडवा गेला होता, म्हणजे आता ती खरोखर विचारत होती. "मनाला आलं म्हणून?"

धाकटीनं विचार केला. तिला नियम येत होता, कारण येत नव्हतं. ते आता तिचं तिनंच शोधलं. "आई, विहीर समजा. काठ म्हणजे शून्य. आपण इथं किती खोल ते मोजतो. बावीस हात खोल हे दहा हात खोलपेक्षा जास्त, म्हणून आपण म्हणतो आकडा चढला. पण पेटी काठावर उभं राहून बघते, कोण वर आणि कोण खाली. दहा हातावरचा माणूस बावीस हातावरच्यापेक्षा वर. आपल्याकडे जो मोठा, तो तिच्याकडे लहान. मोजायची बाजू बदलली की मोठ्याचा लहान होतो. म्हणून चोच फिरते."

नवऱ्यानं रंगवलेली तबकडी तिच्या डोळ्यांपुढे आली. इतकी वर्षं सगळ्यांनी विहीर उलटी मोजली, आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण सगळे एकाच बाजूनं मोजत होते.

"आई," धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला. "पहिल्या पेटीवर पण हेच आहे. म्हणजे रोज ती जी वाजायची... आणि आज सकाळी रबर निघालं, तेव्हा ती वाजली होती का?"

"चौदावर गप्प होती."

धाकटीचं तोंड पांढरं पडलं, खडूपेक्षा. आता माईला जे वाटत होतं ते सगळं तिला एका दमात दिसलं असावं. भाऊ, पूल, फाटक, घंटा. "तुम्हाला वाटलं मी मुद्दाम..."

"वाटलं," माई म्हणाली. "लपवत नाही."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. व्याही आत आले, अंगावर अजून कारखान्याचा कोट, तोंडाचं पाणी पळालेलं. मागं गाडीचं यंत्र घरघरत होतं, आत हंगामाचा माल, आणि माणसाला कळेना की आधी डबे उतरवावेत की लेकीला गाडीत बसवावं. मागोमाग थोरला, नजर जमिनीला खिळलेली.

"काय चुकलं माझ्या पोरीचं?" व्याह्यांनी विचारलं.

धाकटी उठून उभी राहिली. तिनं माईकडे बघितलं नाही. "चुकलंय बाबा. माझंच चुकलंय."

"थांब," माई तिला म्हणाली. "तू आधी हिची चोच फिरव. चुकलं म्हणून रडत बसायला वेळ नाही, गाडीत माल आहे."

धाकटीनं दुसरं बटण दाबलं. टोक आता आकड्याकडे, उघडं तोंड टीकडे. टी मोठा मायनस बावीस.

"आता बरोबर," ती म्हणाली.

"मघाशीही बरोबरच होतं तुझं," माई म्हणाली. "दाखव."

पेटीची तार दाराच्या चिरेतून आत खोलीत जायची, तिच्या टोकाला थंडी मोजणारं पितळी बोंड. धाकटी आत गेली आणि ते बोंड तिनं मुठीत घट्ट धरलं. बाहेर सगळे पेटीकडे बघत उभे. आकडा तेवीस. तेवीसच. मग बावीस. गारठ्या पण येऊन उभा राहिला होता, तो पुटपुटला, "बावीस म्हणजे हवं तेवढंच. गप्प बस गं बाई." घंटा गप्प राहिली. मग एकवीस, आणि घंटेनं असा गळा काढला की व्याह्यांनी कानावर हात ठेवले.

"अजून धर!" माई आतल्या बाजूला ओरडली. एकोणीस. अठरा. घंटा चालूच. "आता सोड!"

धाकटीनं बोंड सोडलं. आकडा पुन्हा चढायला लागला, वीस, एकवीस, आणि बावीसला आला तशी घंटा मधेच तोडल्यासारखी थांबली. चोविसापर्यंत गेला तरी हूं की चूं नाही. माईनं तोवर डोळा हलवला नव्हता.

धाकटी बाहेर आली, हात लाल झालेला, बोटं वळत नव्हती. तिनं ती काखेत दाबून धरली. व्याह्यांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांना फोनवर जे सांगितलं होतं तेवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते पुढे झाले आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"घेऊन जाऊ ना हिला?" त्यांनी माईला विचारलं.

"कुठं नेता?" माई पहिल्या खोलीकडे वळत म्हणाली. "डबे उतरवून घ्या. आणि तू चल गं, हात शेकत नंतर बस. पहिल्या पेटीची चोच अजून उलटी आहे."